खिंडीतलं दमेकरी इंजिन

खिंडीत ट्रक धडधडत उभा होता आणि आत ड्रायव्हर तोल्कुन थिजून मेलेला होता. हीटर चालू, केबिन ऊबदार. उजव्या तळहाताची साल सोललेली. दाराखाली बर्फात पहार पडली होती. काचेवर मात्र ओरखडाही नव्हता.

"इंजिनाला कोणी हात लावू नका," तपास अधिकारी बुरुल म्हणाली. बाई ट्रकवाल्याची लेक होती.

मेलेल्याचा धाकटा भाऊ एर्मेक ट्रकच्या पायरीवर रडत होता.

"रात्री कुठं होतास?"

"दोन कोस खाली, रस्ता दुरुस्तीवाल्यांच्या खोपटात, ताई. दादा पिऊन पडला होता. डिझेल वाचवायला त्यानंच इंजिन बंद केलं असणार."

"आणि सकाळी?"

"गाडी गार, दादा लाकूड झालेला. किल्ली फिरवली, एका झटक्यात सुरू झाली. हीटर लावला, पण..."

सकाळी चौकीला केलेल्या फोनवरही त्यानं हेच सांगितलं होतं. ते ऐकून तोल्कुनच्या बायकोनं चौकीत बुरुलचा हात धरला होता. "ते पीत नव्हते हो. माझ्या पोरांना आता दारुड्याची पोरं म्हणतील."

बुरुलनं तेलाचं झाकण काढलं. धुराचे भपकारे आले. सिलिंडरांतला दाब खाली गळत होता. मग तिनं डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले केले, पुन्हा आवळले. चार नळ्यांना इंजिन अडखळलं. उरलेल्या दोन ढिल्या केल्या तरी त्याला पत्ताच लागला नाही. त्या दोन सिलिंडरांत दम उरला नव्हता.

तिनं इंजिन बंद केलं. ऊन कलल्यावर, इंजिन पार गार झालं तेव्हा एर्मेकला किल्ली दिली.

"कर सुरू. एका झटक्यात."

स्टार्टर कण्हत राहिला. शेवटी बॅटरीच बसली.

"गरम असेतो चालतं, या थंडीत एकदा निजलं की उठत नाही," बुरुल म्हणाली. "म्हणजे ते रात्रभर चालूच होतं, केबिन ऊबदार होती. तो बाहेर मेला, एर्मेक. त्याच्या तळहाताची साल दाराच्या बाहेरच्या गोठलेल्या मुठीला चिकटलीय. दार आतून कोणी लावलं?"

एर्मेकनं किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

"प्यायलो मी होतो, ताई. त्यानं मुस्काटात मारली. चाकांच्या साखळ्या बघायला तो उतरला, तशी मी आतून कडी घातली. म्हटलं, होऊ दे जरा थंड. मला झोप लागली. ऊब होती ना." तो हुंदके देऊ लागला. "सकाळी ओढून आत घेतला. पण पहार होती त्याच्या हातात! काच का नाही फोडली त्यानं?"

बुरुलला त्याचा संताप आला आणि कीवही.

"आत तू झोपला होतास," ती म्हणाली. "रात्रभर वारा तुझ्या अंगावर आला असता."

तोल्कुन प्यायलेला नव्हता, हे त्याच्या बायकोला सांगायला ती खाली निघाली. पुढचं कसं सांगावं, ते तिला सुचत नव्हतं.