हाकेचा पत्ता

दुपारचा चहा नुकताच झाला होता आणि मालवणच्या किनारी साहाय्य केंद्रात हेमांगी कुबल दोन पडदे शेजारीशेजारी लावून बसली होती. समुद्रावरून मदतीची हाक आली की पूर्वी इथला माणूस आधी होडी काढायचा आणि मग प्रश्न विचारायचा. आता प्रश्न आधी विचारावे लागत. यंत्रांना माणसाचा आवाज हुबेहूब काढता यायला लागल्यापासून दूरच्या कुठल्या तरी शहरातून कोणीतरी एखादा प्रोग्राम सोडून द्यायचं आणि तो दिवसभर किनाऱ्यावरच्या केंद्रांना रडवेल्या हाका मारत राहायचा. वारा, लाटा, इंजिनाची घरघर, सगळं खरं वाटे. केंद्राकडे बचावनौका एकच. ती रिकाम्या समुद्रात फिरून आली की तिचा चालक मोंडकर ओला रेनकोट खुंटीला जरा जोरात अडकवी.

आवाजावर भरवसा उरला नव्हता, उरला होता पत्ता. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. आता लहान होड्यांवरही उपग्रहाशी बोलणारे संच आले होते, त्यांनाही असे पत्ते होते. हे पत्ते गठ्ठ्यांनी वाटले जातात. जगाच्या एकेका भागासाठी एक नोंदणी संस्था ते कंपन्यांना देते आणि कंपन्या आपल्या ग्राहकांना. हाक कोणत्या पत्त्यावरून आली आणि तो पत्ता कोणाचा, हे शोधून देणारी 'मालकशोधक' साधनं बाजारात आली होती. त्यांतलं एक निवडायचं काम केंद्रप्रमुख फर्नांडिस सरांनी हेमांगीकडे दिलं होतं.

पहिल्या साधनाचं नाव 'त्वरित'. पापणी लवायच्या आत मालकाचं नाव, देशाचा झेंडा आणि बाजूला खात्रीचा हिरवा पट्टा. दुसरं 'मूळशोध'. ते दर वेळी थेट नोंदणी संस्थेच्या संगणकाला विचारायला जाई, त्यामुळे रेंगाळे. मिळालेली नोंद कधीची आहे तेही सांगे. आणि जिथे नोंद सापडत नसे तिथे सरळ लिही, 'माहीत नाही'.

"'माहीत नाही' म्हणायला यंत्र कशाला हवं?" फर्नांडिस सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. "तेवढं मलाही जमतं."

हेमांगी हसली. "सर, त्वरितला कुठलीच गोष्ट माहीत नाही असं होतच नाही. मला तेच खटकतं."

"पण चाचणीत ते चुकलंय का?"

"चुकलं तरी आपल्याला कळणार कसं? ते स्वतःकडे साठवलेल्या नोंदींवरून बोलतं. त्या नोंदी कालच्या की चार वर्षांपूर्वीच्या, ते काही सांगत नाही."

सर उत्तर देणार, एवढ्यात पडद्यावर लाल ठिपका उमटला. उत्तरेकडून, आचऱ्याच्या समुद्रातून हाक होती. एक बाई स्पष्ट आवाजात, हुंदके देत सांगत होती की होडीत पाणी भरतंय, सोबत लहान मूल आहे. मोंडकर धक्क्याकडे धावला. तो नौकेत पाय ठेवतो न ठेवतो तोच दुसरा ठिपका उमटला, हा दक्षिणेला, निवतीच्या खडकांपाशी. तिथला आवाज तुटत होता. "इंजिन..." एवढंच कळलं, मग नुसती खरखर.

दोन्ही जागा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला. आणि नौका एक.

त्वरितनं तत्काळ निकाल दिला. आचऱ्याची हाक मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेच्या पत्त्यावरून, विश्वासार्ह. निवतीची हाक परदेशातल्या एका जाहिरात कंपनीच्या पत्त्यावरून, बनावट. दोन्हींपुढे हिरवा पट्टा काठोकाठ भरला होता.

"उत्तरेला सोडू?" सरांनी विचारलं. त्यांचा हात रेडिओवर होता.

"थोडं थांबा, सर."

मूळशोधचं चक्र अजून फिरत होतं. पडद्यामागे ते नोंदणी संस्थेचं दार ठोठावत असेल असं हेमांगीला वाटलं, आणि त्या दारापाशी आपणच ताटकळत उभे आहोत असंही. स्पीकरवर ती बाई मुलाचं नाव घेऊन रडत होती. आपण चुकलो तर हा आवाज आयुष्यभर कानातून जाणार नाही, हे तिला कळत होतं. अखेर उत्तर आलं.

आचऱ्याचा पत्ता त्या सहकारी संस्थेनं मागेच परत केला होता. आजचा वापरकर्ता: माहीत नाही. निवतीचा पत्ता जाहिरात कंपनीनं विकला होता. तो आता होड्यांना संच पुरवणाऱ्या एका उपग्रह कंपनीकडे होता, नोंद आजच सकाळी तपासलेली. संच नेमका कोणाचा: माहीत नाही. खाली कंपनीच्या तातडीच्या संपर्काचा क्रमांक होता.

"सर, तुम्ही सहकारी संस्थेला विचारा. मी इकडे विचारते."

तिनं फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, ग्राहकाचं नाव मी सांगू शकत नाही. पण हा संच होडीवरचाच आहे, आणि निवतीजवळच आहे. त्याची बॅटरी उतरत चाललीय."

तिकडे फर्नांडिस सरांनी फोन ठेवला. "त्यांची गावजत्रा आहे आज. एकही होडी बाहेर नाही, आणि ते जुने संच कधीच काढून टाकलेत." ते रेडिओवर वाकले. "मोंडकर, दक्षिणेला. निवती."

आचऱ्याची बाई आणखी काही वेळ रडत राहिली. मग तिनं तीच वाक्यं, त्याच हुंदक्यांसकट, पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. सरांनी आवाज बंद केला आणि खुर्चीत बसले.

अंधार पडायच्या आत मोंडकर तिघांना घेऊन परतला. होडीचा मालक यशवंत केळुसकर ब्लँकेट गुंडाळून केंद्रात आला. चहाचा कप त्यानं दोन्ही हातांत धरला होता आणि तो खुशीत होता.

"तुमका कसा कळला, बाय? माका तर धड बोलाकय जमत नव्हता."

"मशीनला कळलं नाही, काका," हेमांगी म्हणाली. "ते तसं म्हणालं, म्हणून आम्ही विचारलं."

केळुसकरानं ते मनात घोळवलं आणि मान हलवली. "बरा झाला, नाय म्हणाला ता."

संध्याकाळी सरांनी मूळशोधच्या मागणीवर सही केली. मोंडकरनं रेनकोट खुंटीवर हळूच ठेवला. हेमांगी घरी जाऊन सोलकढी-भात जेवली आणि बऱ्याच महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

त्यानंतरचे महिने चांगले गेले. नौका रिकामी फिरेनाशी झाली. मग एका सकाळी मूळशोधच्या कंपनीची सूचना पडद्यावर आली. नवी आवृत्ती तयार होती, आधीपेक्षा कितीतरी वेगवान. किनाऱ्यावरच्या सगळ्या केंद्रांना ती एकाच वेळी पाठवली होती. सुधारणांमध्ये शेवटची ओळ अशी होती: 'माहीत नाही हे उत्तर ग्राहकांना अस्वस्थ करते, असे आढळले. यापुढे त्या जागी सर्वाधिक संभाव्य नाव दाखवले जाईल.'

खाली दोन चौकटी होत्या, 'स्वीकारा' आणि 'नको'.

हेमांगीनं 'नको' दाबलं. खिडकीबाहेर समुद्र स्वच्छ होता, होड्या ओळीनं बाहेर पडत होत्या. तिनं फोन उचलला आणि शेजारच्या बंदरातल्या केंद्राचा क्रमांक फिरवला. तिकडच्या माणसानं कोणती चौकट दाबली असेल?