चाळणीतून सुटलेले पान

लिफ्टसमोरची रांग पाहून तिने सरळ जिना धरला. नव्या नोकरीचा पहिला दिवस होता, कार्यालय नवव्या मजल्यावर होते, आणि तीन वर्षे व्यावसायिक टेनिस खेळलेल्या पायांना नऊ मजल्यांचे काहीच अप्रूप नव्हते. सहाव्या मजल्याच्या वळणावर मात्र वाट अडली. कागदांचे खोके छातीशी धरून एक तरुण कठड्याला टेकला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता.

"लिफ्ट बंद आहे का?" तिने विचारले.

"नाही. डॉक्टरांनी जिना चढायला सांगितलाय."

"खोक्यासकट?"

"खोक्याबद्दल ते... काही बोलले नाहीत."

तिने हसून खोके त्याच्या हातून काढून घेतले. त्याने चष्मा वर केला तोवर ती सातव्या मजल्यावर पोचलीही होती.

"अहो, जरा दमानं! गोपनीय कागद आहेत ते!"

"मग मागे राहू नका!"

वर पोचल्यावर उलगडा झाला. ती ज्या गुंतवणूक संस्थेत विश्लेषक म्हणून रुजू होत होती, तिथला तो तपासनीस होता. कोणत्या कंपनीत गुंतवणूक करावी याचा प्रत्येक अहवाल आधी त्याच्या नजरेखालून जाई, मगच समितीपुढे. त्याच्या हातून काही सुटत नसे, म्हणून सगळे त्याला चाळणी म्हणत. तिलाही आठवडाभरात नाव मिळाले : चॅम्पियन. त्यात निम्मे कौतुक होते, निम्मा टोमणा.

टोमण्याचे तिला काही वाटत नसे. कॉलेजच्या संघात ती पहिली होती. व्यावसायिक क्रमवारीत मात्र चारशेच्या अलीकडे कधी सरकली नाही. ते वास्तव तिने न रडता, नीट पाहून स्वीकारले होते. विमानतळांवर बसून वित्तशास्त्राच्या परीक्षांचा अभ्यास केला होता. "अगं, तुला एका जागी बसवतं तरी का?" आई फोनवर अजून विचारायची. बसवत होते. आता फक्त सहा महिन्यांची कच्ची नोकरी पक्की व्हायची होती.

चाळणी तिच्या प्रत्येक पानावर प्रश्न विचारी.

"इथं 'बहुधा' लिहिलंय. बहुधा म्हणजे किती?"

"शंभरात सत्तर."

"मग सत्तरच लिहा. लाजता कशाला?"

"मी कुठे लाजतेय? खाली बघून तर तुम्ही बोलताय."

यावर त्याचे कान तांबडे होत — आणि पुढचा प्रश्न तो विसरून जाई.

सहाव्या महिन्यात तिने पहिला स्वतंत्र अहवाल लिहिला, बुटांचे तळवे बनवणाऱ्या एका कंपनीवर. समितीने तो स्वीकारला तर नोकरी कायम होणार होती. चाळणीने तो एका दिवसात परत केला, एकही खूण न करता.

"काहीच नाही?" तिने पाने उलटसुलट केली.

"चांगला आहे," तो खिडकीला म्हणाला.

शुक्रवारी सकाळी समिती बसली. सगळे विचारून झाले. प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी सहीसाठी पेन उघडले. त्याच क्षणी तिची नजर बाराव्या पानावर अडली. तळव्यांची एकच मोठी ऑर्डर विक्रीत दोनदा धरली गेली होती, एकदा मूळ कंपनीच्या नावावर, एकदा तिच्या उपकंपनीच्या. खोलीत कोणालाच पत्ता नव्हता. तिने हात वर केला.

"बाई, सही करू नका. माझी चूक झालीय."

बाईंनी ते पान दोनदा वाचले. "हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गप्प बसता आलं असतं."

"कॉलेजच्या सामन्यांत आम्हाला पंच नसायचा. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. शंका असली तर गुण समोरच्याचा. तीच सवय लागलीय."

बाईंनी पेन मिटले. "सोमवारी दुरुस्त करून आणा. नोकरीचं तेव्हाच बघू." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "आणि आमच्या चाळणीला एवढं मोठं भोक कधी पडलं?"

"कारण... लेखी देतो," तो कसाबसा म्हणाला.

सोमवारी दुरुस्त अहवाल स्वीकारला गेला. नोकरी पक्की झाली. पण अहवालाखाली तपासनीस म्हणून सही दुसऱ्याच कोणाची होती. तिचे कागद आपल्याकडे नकोत, असे त्याने स्वतः सांगितल्याचे तिला कळले. ती तडक त्याच्या टेबलापाशी गेली.

"रागावलात? मला तुम्हाला अडचणीत आणायचं नव्हतं."

त्याने एक छापील अर्ज पुढे सरकवला. विश्लेषकाशी वैयक्तिक संबंध असल्यास तपासनिसाने तो जाहीर करावा आणि बाजूला व्हावे, असा संस्थेचा नियम होता.

'संबंधाचे स्वरूप' या शब्दांपुढे त्याच्या नेटक्या अक्षरात लिहिले होते : सदर विश्लेषक समोर असताना मला आकडे दिसत नाहीत.

तिने ते पुन्हा वाचले. मग आवाज स्थिर ठेवून विचारले, "बाईंनी पाहिला?"

"पाहिला. म्हणाल्या, अर्धवट आहे." त्याने बोट ठेवले. खाली छापले होते : एकतर्फी / परस्पर — नको तो शब्द खोडावा. "तेवढं एक... मला एकट्याला ठरवता येईना."

तिने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि 'एकतर्फी'वर ठाम रेघ ओढली.

तो त्या रेघेकडे पाहतच राहिला. मग चाचरत म्हणाला, "पण... पेन्सिल चालत नाही. अर्ज शाईनंच भरावा लागतो."

"मग पेन दे ना!" ती म्हणाली.