डाव्या दाराचा पंचनामा

मालवणात मोटार घेऊन करायचं काय, असं मला निम्म्या गावाने विचारलं होतं. मेढा वाडीतल्या आमच्या घरापासून कोर्ट चालत दहा मिनिटांवर, आणि वाटेत समोरून बैलगाडी आली तर मोटारीनेही तेवढीच मिनिटं लागणार. पण आमच्या सुगंधाचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि एकुलती एक मुलगी देवगडला सासरी बापाच्या गाडीतून जावी, एवढी माझी हौस होती. हौसेला मोल नसतं. स्थळं बघायला लागलो तेव्हापासून तीन वर्षं यादीत नाव लावून बसलो, आणि १९६४ च्या माघात कोल्हापूरच्या एजंटाचं पत्र आलं की गाडी निघाली.

गाडी आत यावी म्हणून फाटक रुंद करायला घेतलं होतं. बाबली गवंडी जुने खांब काढून जांभ्या चिऱ्याचे नवे उभारत होता. बाबली डावरा. त्याने ताशलेल्या चिऱ्यावरचे टाकीचे वळ इतर गवंड्यांच्या उलट बाजूला कलतात. गावातली कुठलीही भिंत बघून ही बाबलीची, असं सांगता येतं. त्या दिवशी खांब दोन थरच वर आले होते. बाकीचे चिरे खाणीतून यायचे होते.

सकाळी अकराच्या सुमारास गाडी आली. काळी, अंगावर फोंडाघाटाची धूळ. एजंटाच्या ड्रायव्हरने उतरून नमस्कार केला आणि कागद पुढे केला. 'गाडी सुस्थितीत मिळाली,' खाली सही. मी वकील. वाचल्याशिवाय सही करत नाही आणि बघितल्याशिवाय वाचत नाही. म्हणून आधी गाडीभोवती एक फेरी मारली.

मागच्या डाव्या दाराचा पत्रा तळहाताएवढा आत दबला होता. त्या खळग्यात तिरपे वळ उमटले होते आणि वळांत तांबडी माती बसली होती. दारावरच्या चकचकीत पट्टीत काहीतरी अडकलं होतं. मी नखाने काढलं. हिरव्या बांगडीचा तुकडा होता, त्यावर केसासारखी बारीक पिवळी नागमोडी रेघ.

"कुठे लागली?"

ड्रायव्हरने वाकून बघितलं. त्याचा चेहरा उतरला. "कुटंच न्हाई, साहेब. फोंड्यात च्या प्यालो तवा समदी पुसून घेतली. काय नव्हतं."

"बरोबर बाईमाणूस कोण होतं?"

"मी येकलाच."

खोटं बोलणारी माणसं मी रोज बघतो. हा त्यांतला नव्हता.

मी रीतसर पंचनामा केला. बाबली आणि शेजारचे दत्ताराम मास्तर पंच. खळग्याची लांबी, रुंदी, जमिनीपासूनची उंची, गाडीचा चॅसी नंबर, सगळं लिहिलं. बांगडीचा तुकडा पाकिटात घालून वर लाख लावली. माझी बायको रुक्मिणी ओसरीवरून बघत होती. ती म्हणाली, "त्यापरास रामेश्वराक कौल लावा."

"कौल पुराव्यात चालत नाही," मी म्हटलं.

आता प्रश्न होता, गाडी घ्यायची की परत पाठवायची. परत पाठवली तर पुन्हा यादीच्या शेपटाला. वैशाखाची गोष्टच सोडा. सुगंधा तर दार उघडून आत बसूनही आली होती. "बाबा, घेवया ना," ती म्हणाली. "एवढीशी खोच ती. लग्नात दाराक कोण बघतलो?"

खरं सांगायचं तर माझंही मन घसरलं. पेनाचं टोपण काढलं होतं. तेवढ्यात बाबली हातातली सुतळी घेऊन खळग्याची उंची मापताना दिसला. मग तो खांबाकडे गेला, दोन थरांच्या वर मोकळ्या हवेत त्याने सुतळी धरली, आणि परत येऊन बोट त्या वळांवरून फिरवलं.

"तिसऱ्या थराक येता ह्या," तो हळू म्हणाला. "आणि ही टाकी माझी, भाईनू. उलटी कलता, बघा. चिरो अजून खाणीत आसा आणि त्येचो घाव हंय. ही गाडी घेव नकात."

मी टोपण लावलं. गवंड्याच्या बोलण्यावरून मोटार परत करणारा वकील म्हणून पुढे महिनाभर बाररूममध्ये माझी चेष्टा झाली. मी सगळ्यांना कायदा सांगितला, की सदोष माल एकदा स्वीकारला की तो परत करायचा हक्क जातो. कायदा खरा होता, पण कारण ते नव्हतं. मला भीती वाटली होती.

पंधरा दिवसांनी एजंटाचं पत्र आलं. गाडी तपासली, कुठेही नुकसान आढळलं नाही, तरी नकाराचं कारण कळवावं. मी पंचनाम्याची नक्कल पाठवली. उत्तर आलं नाही.

वैशाखात चुडा भरायला कासार आला तेव्हा मी ओसरीवर पान लावत बसलो होतो. सुगंधाचा डावा हात पुढे, कोपरापर्यंत हिरवागार. मी सहज बघितलं आणि पान तसंच हातात राहिलं. प्रत्येक बांगडीवर बारीक पिवळी नागमोडी रेघ होती.

"ह्यो माल जुनो काय रे?" मी विचारलं.

"नाय हो. ह्या वर्षीच नवो इलो. कालच पेटी फोडलंय."

लग्नघरात असलं बोलायचं नसतं, आणि बोलणार तरी काय?

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं ते नव्या मोटारीतून. काळी. व्याही उत्साहात होते. "नशीब बघा," ते म्हणाले, "कोल्हापुरात कोणा शहाण्याने परत केली, म्हणून आमका बिगीन गावली." सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांच्या ड्रायव्हरला बॉनेट उघडायला लावलं आणि आत जाऊन पंचनामा काढून नंबर ताडून बघितला. तोच होता.

डावं दार आरशासारखं गुळगुळीत होतं. डागडुजीची खूण नाही, रंगाचा फरक नाही. मी कचेरीच्या खोलीत येऊन पाकिटाची लाख फोडली. पाकीट रिकामं होतं.

मंडपात पहिली पंगत बसली तेव्हा मी बाबलीला बोलावलं. त्याने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पहार आणायला गेला. पंगत उठेपर्यंत फाटकाचा एव्हाना पुरा बांधून झालेला डावा खांब जमीनदोस्त झाला होता. व्याही म्हणाले, "वकीलसायब, येवढी गाडी मोठी नाय हो." मी म्हटलं, "असूं दे, वाट मोकळी बरी." सुगंधा रडत रडत मागे डावीकडे बसली, तिने हात बाहेर काढून हलवला आणि गाडी निघून गेली. काही झालं नाही. त्या दिवशी मी सुखाने झोपलो. रिकाम्या पाकिटाला मात्र पुन्हा लाख लावून मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. रोज कोर्टात निघताना ते एकदा कानाशी हलवून बघायचं, ही सवय लागली. आत कधीच काही नसायचं.

काल सकाळीही नव्हतं.

आज मंगळवार. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुगंधा येणार म्हणून मी कोर्टात गेलो नाही, आणि पाकिटाचीही आठवण झाली नाही. दुपारी एकला तिचं पत्र आलं, चार दिवसांपूर्वी टाकलेलं.

'बाबा, मंगळवारी सकाळी गाडीने निघतो, बारापर्यंत पोचू. चुड्यातली एकच बांगडी उरली आहे, डाव्या हातातली. तुम्हाला दाखवायची म्हणून जपते आहे. आणि आमचं फाटक आता ओळखू येणार नाही. दिवाळीनंतर आईने ट्रकातून पाठवले ते चिरे खांबांना लावले. इकडचे गवंडी म्हणतात, ताशणारा डावरा दिसतो.'

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. रुक्मिणी तिळाचे लाडू वळत होती.

"परड्यातले त्या पाडलेल्या खांबाचे चिरे तू देवगडला पाठवलेस?"

"तुम्ही रत्नागिरीक गेल्लात तेव्हा," ती म्हणाली. "नुसते पडून होते. ताशलेलो चिरो कोण टाकता?"

खरंच, कोण टाकतं? मी असतो तर मीही पाठवले असते, असं म्हणणार होतो. पण परत खोलीत आलो.

आता साडेतीन वाजले आहेत. लेकीजावयाची दोन ताटं घासून पुसून ठेवली आहेत. रस्त्यावर गाडीचा आवाज नाही.

मी ड्रॉवर उघडला. पाकिटाची लाख शाबूत होती. कानाशी नेऊन हलवलं.

आत काच वाजली.