विक्रीत नसलेली खोली

तुमचा विश्वास बसावा असा माझा आग्रह नाही. पण यातला एक शब्दही मी वाढवलेला नाही. जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि तेही रात्री नाही... भर दुपारी.

तारीख १७ ऑगस्ट २०१९. गाव पिएत्राफोस्का, दक्षिण इटलीतल्या बाझिलिकाताच्या डोंगरात.

माझं नाव अस्सुन्ता. गावात माझी पावाची भट्टी आहे. मिकेलीना माझी मावसबहीण. दोघी एकाच वर्षी जन्मलो, एकाच शाळेत गेलो. मग तिचं जेरार्दोशी लग्न झालं आणि दोघं तोरिनोला गेली. जेरार्दो तिथे कारखान्यात लागला. बत्तीस वर्षं काढली त्यांनी तिथल्या धुक्यात.

निवृत्तीनंतर त्यांना गावी यायचं होतं. मी फोनवर रोज पिच्छा पुरवायचे. "अगं, वरच्या आळीतली घरं कवडीमोलानं जातायत. ये ना! मी एकटी आहे इथे."

हो, मीच म्हणाले होते.

वरची आळी म्हणजे कड्याच्या टोकाची. तिथे उरल्या होत्या मांजरी आणि एक इन्कोरोनाता मावशी, वय वर्षं एक्क्याण्णव. बाकीची कुटुंबं कधीच परदेशी गेलेली. लापेन्ना कुटुंबाचं घर विकायला निघालं होतं. किंमत ऐकून जेरार्दोला आधी थट्टाच वाटली. एका जुन्या मोटारीच्या भावात तीन खोल्या, खाली तळघर, समोर सगळी दरी.

घर दाखवायला मोजणीवाले प्रोस्पेरो आले होते. मीही बरोबर होते. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत एक दार होतं. त्याला गंजलेलं कुलूप.

"हे काय?" जेरार्दोने विचारलं.

"ती खोली विक्रीत नाही," प्रोस्पेरो कागद चाळत म्हणाले. "जुन्या वाटणीत ती तेओदोरा लापेन्नाच्या नावावर गेली. घर विकणाऱ्यांची ती आत्या. त्रेपन्न साली अर्जेंटिनाला गेली म्हणतात. तिचा पत्ता नाही, वारस नाहीत."

"म्हणजे माझ्या घरात दुसऱ्याची खोली?"

"अहो, ती आज असती तर शंभरीची असती! परत यायचीय थोडीच? वीस वर्षं वापरा, मग कायद्यानं तुमचीच."

"वीस वर्षांनी मी कुठे असेन, साहेब?"

"त्याच दरीच्या हवेत असाल. ठणठणीत!"

सगळे हसलो. मिकेलीना मात्र त्या दाराकडे बघत होती. तिने मला हळूच विचारलं, "घ्यावं का गं?"

मी म्हणाले, "डोळे मिटून घे."

मे महिन्यात ते राहायला आले. तोरिनोचं घर विकून टाकलं होतं. त्यातला बराचसा पैसा छपरात आणि नळांत गेला.

जूनमध्ये पहिला आवाज आला.

आमच्याकडे दुपारी दोन ते चार कुणी बाहेर दिसत नाही. खिडक्या लावलेल्या, रस्ते ओस. त्या वेळेला आम्ही कोंत्रोरा म्हणतो, म्हणजे उलटी वेळ. लहानपणी आई बजावायची, या वेळी कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही.

मिकेलीना पलंगावर पडली होती. अचानक बाहेरचे रातकिडे थांबले. आमचे दुपारीच ओरडतात, उन्हाळाभर. सगळे एकदम गप्प.

आणि मग त्या खोलीतून...

टिण. टिण. टिण.

कपात चमचा ढवळल्यासारखा आवाज.

"उंदीर असतील," जेरार्दो म्हणाला.

"उंदीर साखर ढवळतात का रे?"

"तोरिनोत वरच्या मजल्यावरचे लोक रात्रभर फर्निचर ओढायचे, तेव्हा तुला काही वाटायचं नाही. इथे चमच्याला घाबरतेस!"

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी खुर्ची सरकली. चौथ्या दिवशी तेलात वाळक्या मिरच्या तळल्याचा वास आला. चूल तर थंड होती.

मिकेलीना इन्कोरोनाता मावशीकडे गेली. मावशी दारात शेंगा सोलत बसली होती.

"मावशी, तेओदोरा कशी होती हो?"

मावशीचे हात थांबले. "भांडकुदळ होती. भावांनी वाटणीत फसवलं म्हणायची. त्यांच्याशी बोलायची नाही. त्या एका खोलीत राहायची, तिथेच रांधायची."

"आणि मग अर्जेंटिनाला गेली?"

"भाऊ तसं म्हणाले." मावशीने शेंग टोपलीत टाकली. "पण पोरी, आमच्या आळीतून कुणीही बोटीवर निघालं की सगळं गाव रडत खालच्या चौकापर्यंत जायचं. तेओदोराला निरोप द्यायला आम्ही कुणी गेल्याचं मला आठवत नाही."

जुलैच्या मध्यावर आवाज बोलला.

दाराच्या पलीकडून. म्हाताऱ्या बाईचा, चिडका, आमच्या जुन्या बोलीतला.

"कोण आहे?"

मिकेलीना स्वयंपाकघरात एकटी होती. ती मला नंतर म्हणाली, "अस्सुन्ता, तो आवाज दुष्ट नव्हता गं. आपल्या घरात कुणी परकं शिरलं की आपण विचारतो ना, तसा होता. मला लाज वाटली."

"मग तू काय केलंस?"

"सांगितलं. म्हटलं, मी मिकेलीना. नवी राहायला आलेय."

"वेडी आहेस का तू? आईनं काय शिकवलं होतं?"

"हाकेला ओ देऊ नये, एवढंच. कुणी विचारलं तर नावही सांगू नये?" ती एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून आवाज तिला नावानं बोलवू लागला.

शेवटी जेरार्दोनेच कुलूप तोडलं. मी तिथे होते. सहासष्ट वर्षं बंद असलेली खोली. आम्ही तोंडाला रुमाल बांधून उभे.

आत धुळीचा कण नव्हता.

फरशी झाडलेली. लोखंडी पलंग. एक टेबल, एक खुर्ची. खिडकी विटांनी बुजवलेली. जेरार्दो जवळ गेला आणि तिथेच थबकला.

"हे बघ," तो म्हणाला.

विटांमधला चुना आतल्या बाजूने सारवलेला होता. हाताने. बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

आतून खिडकी बुजवली... आणि दाराला कुलूप बाहेरून.

मी आधारासाठी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि लगेच काढला. मग खाली बसायच्या जागी हात लावून पाहिला.

कोमट होती. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

जेरार्दो त्याच दिवशी प्रोस्पेरोंकडे गेला. ते म्हणाले, कुलूप का तोडलंत? आता तुम्हीच कायद्यात अडकलात. वकील म्हणाला, या चौथ्या खोलीच्या मालकीचा निकाल लागल्याशिवाय हे घर कुणी विकत घेणार नाही. घर विकणाऱ्या तेओदोराच्या भाच्यांनी फोन उचलणं बंद केलं. पाद्रीबाबा आले, तीन खोल्यांत तीर्थ शिंपडलं, चौथीच्या उंबरठ्याशी थांबले आणि म्हणाले की मला दुसरीकडे जायचंय.

"चल, दानिएलाकडे जाऊ," जेरार्दो म्हणाला. दानिएला त्यांची मुलगी. ती तोरिनोत दोन खोल्यांत नवरा आणि तीन मुलांसह राहते.

"तिच्या डोक्यावर किती दिवस बसणार?" मिकेलीना म्हणाली. "आणि मला इथे बरं वाटतंय."

ती दुपारी त्या खोलीत बसू लागली होती. म्हणायची, आत गार वाटतं. जेवण कमी झालं. बोलणंही. एकदा मी तिला हलवून विचारलं, "अगं, काय करतेस तिथे?"

"ऐकते. तिचं कुणी ऐकलंच नाही ना कधी."

"कुणाचं?"

ती उठून पुन्हा त्या खोलीत गेली.

१७ ऑगस्ट. सान रोक्कोच्या जत्रेचा दुसरा दिवस. मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. मिकेलीना त्या दिवशी बरीच मोकळी वाटली. तिने शेवया हाताने केल्या होत्या. मला वाटलं, सावरतेय.

जेवून जेरार्दो आरामखुर्चीत पेंगू लागला. मी भांडी घासत होते, ती पुसत होती. जत्रेतल्या बँडवाल्यांवरून आम्ही हसत होतो.

रातकिडे थांबले.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

"मिकेलीना..."

आवाज मी स्वतः ऐकला. दाराच्या अगदी पलीकडून. मला तो थकलेला वाटला.

मिकेलीनाने पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. शेजारणीने बोलावल्यावर म्हणावं, तसं सहज म्हणाली, "आले हं."

मी तिचा हात धरायला हवा होता. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले.

ती आत गेली. दार लागलं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. एक मिनिट असेल. मग मी किंचाळले. जेरार्दो धावत आला, त्याने दार ढकललं. दार लगेच उघडलं.

आत कुणी नव्हतं.

पलंगाखाली नाही. टेबलाखाली नाही. दुसरं दार नाही. विटा जशाच्या तशा.

खुर्चीच्या पाठीवर ते फडकं वाळत घातलं होतं. त्यातून अजून पाणी ठिबकत होतं...

पोलीस आले. कडा शोधला, तळघर खणलं. खिडकीच्या विटा फोडल्या, पलीकडे सरळ दरी. कुत्रे आणले होते. ते उंबरठ्यापर्यंत जायचे आणि मुकाट्याने खाली बसायचे. माझी तीनदा जबानी झाली. एक अधिकारी म्हणाला, "बाई, तुम्ही पेंगला असाल."

डिसेंबरात पोलिसांच्या चौकशीला अर्जेंटिनाहून उत्तर आलं. तेओदोरा लापेन्ना नावाची कुणी बाई त्या देशात उतरल्याची नोंद नाही.

दानिएला वडिलांना न्यायला दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा रडत परतली. जेरार्दो घर सोडत नाही. दाढी वाढलीय, निम्मा झालाय. मी रोज सकाळी पाव घेऊन जाते आणि दोनच्या आत परत फिरते.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच्यावर ओरडले. "मरायचंय का तुला इथे? काय राहिलंय या घरात?"

तो पावाचा तुकडा कुसकरू लागला.

"दुपारी बोलत असतात दोघी," तो म्हणाला. "एक म्हातारी, आणि एक ती. काय बोलतात ते कळत नाही. मी हाक मारली की गप्प होतात. म्हणून हल्ली मी हाक मारत नाही."

"जेरार्दो..."

"ती दोन तासच असते गं. मी गेलो आणि ती आली तर?"

मी पाव टेबलावर ठेवला आणि उतरून भट्टीत आले. दोन वाजायच्या आत खिडक्या लावून घेतल्या.