शेऱ्यापुरती जागा

दिनांक ९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार; वेळ दुपारी सव्वाचार; स्थळ बोईसर, नवापूर रस्ता, संगणक दुरुस्तीच्या एका अरुंद दुकानाची पायरी. त्या पायरीवर मेघाली उभी होती. तिच्या कवेत चादरीत गुंडाळलेला जुना संगणक होता, आणि आभाळ गेले चार दिवस गळत होते तसेच आजही, कंटाळल्यासारखे, गळत होते.

"हा विकायचा आहे," ती म्हणाली.

आतल्या तरुणाने आधी चादर पाहिली, मग तिचे भिजलेले हात, आणि मग — किंचित उशिरा — तिचा चेहरा. "चालतो?"

"चालतो. पण म्हातारा झालाय."

"म्हातारा झाला म्हणून घराबाहेर काढलात?"

"माणूस असता तर नसता काढला."

"मग यंत्राने तुमचं काय घोडं मारलंय?"

तिला हसू आले आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. कारण घरी हसण्यासारखे काही उरले नव्हते. तिचे वडील, कृष्णकांत, पस्तीस वर्षांपूर्वी पारनेरकडून बोईसरजवळच्या सरावलीत आले आणि एका कापड-रंगाईच्या कारखान्यात बॉयलर सांभाळत निवृत्त झाले. वर्षापूर्वी त्यांच्या स्नायूंना एक न परतणारा आजार जडला. आधी जीभ गेली, मग हात थरथरू लागले. बंगळूरहून भाऊ निमेशने महागडा टॅब्लेट पाठवला होता: त्यावर अक्षरे निवडावीत, तो बोलेल. त्याला टेबलावर जागा हवी, म्हणून हा जुना निघाला होता. एवढे तिने थोडक्यात सांगितले.

"टॅब्लेट काकांना मानवला?" तरुणाने विचारले. त्याचे नाव ललित, घर उमरोळीचे.

मेघालीने नकारार्थी मान हलवली. टॅब्लेट आठवड्यातून दोनदा स्वतःला अद्ययावत करायला बसे, मध्येच परवलीचा शब्द मागे, इंटरनेट गेले की मुका होई. आणि बाबांनी दोन अक्षरे निवडली की पुढचा शब्द स्वतःच सुचवून मोकळा होई. अर्धे बोलणे बाबांचे, अर्धे कुणा परक्याचे. त्यांनी त्यावर लिहिलेले शेवटचे वाक्य तिने ऐकवले: 'शेरा: निकामी.'

शेरा ही कृष्णकांतांची जन्माची सवय होती. बॉयलरच्या वहीत दर तासाला नोंद करावी लागे — तारीख, वेळ, ठिकाण, पाण्याची पातळी, वाफेचा दाब आणि शेवटी शेरा. ती सवय घरीही आली. मेघालीने केलेल्या पहिल्या पोळीलासुद्धा 'शेरा: कडा कच्च्या' असे लेखी मिळाले होते.

"हा ठेवून जा," ललित म्हणाला. "विकायला नको. रविवारी मी घरी आणून देतो."

"आणि तोपर्यंत काय कराल?"

"त्याच्या अंगावरचं ओझं उतरवीन. यंत्र म्हातारं होत नाही हो. आपण त्याच्यावर बिनकामाचं लादत जातो आणि ते धापा टाकायला लागलं की वयाला बोल लावतो. काकांना काय हवंय? अक्षरं. आणि तुम्हाला हाक मारायला एक घंटा. एवढ्याला लागते किती जागा? याच्यात आहे तेवढी पुरे."

"बोलता छान. करता का तसंच?"

"रविवारी शेरा द्या," तो म्हणाला. आणि यावेळी तिला हसल्याची लाज वाटली नाही.

रविवारी यंत्र आले. कळ दाबल्यापासून नवव्या सेकंदाला काळ्या पडद्यावर मोठी पांढरी अक्षरे उभी राहिली. बाकी काही नाही: ना चित्र, ना सूचना, ना आगाऊपणा. ओळी एकामागून एक उजळत. हवी ती ओळ उजळली की एक कळ दाबायची, मग हवे ते अक्षर. कळ दाबून धरली की घंटा. कृष्णकांतांनी वीस मिनिटे घेऊन पूर्ण नोंद लिहिली — दिनांक, वेळ, ठिकाण — आणि खाली: 'शेरा: चालेल.' ललितने ते वाचले आणि तो पदक मिळाल्यासारखा ताठ उभा राहिला.

पुढे दर रविवारी तो येऊ लागला. बाबांची बोटे एकेक करून मावळत होती. त्या मानाने तो अक्षरांची गती मंद करी, कळ हलकी करी. एका माणसाच्या ओसरत्या बळाशी माप जुळवत जाणारे ते काम पाहताना मेघालीला वाटे, शिंपी अंगाचे माप घेतो तसा हा दुःखाचे माप घेतो आहे. निघताना जिन्यात उगाच रेंगाळणे होई.

"चहा घेतलात, आता काय राहिलं?"

"छत्री."

"ती हातातच आहे तुमच्या."

"अरेच्चा…" तो म्हणे, आणि तरी उभाच राही.

ऑक्टोबरच्या एका सकाळी तिने यंत्र सुरू केले, तर अक्षरांच्या आधी पडद्यावर एक फूल उमलले. ठिपक्याठिपक्यांनी काढलेली तगर. दुसऱ्या दिवशी बकुळ. तिसऱ्या दिवशी अबोली.

"हे बाबांच्या काय उपयोगाचं?" तिने रविवारी दटावले.

"उपयोगाचं नाय," तो म्हणाला. गडबडला की उमरोळीची बोली त्याच्या तोंडी येई. "म्हणूनच… तुमच्यासाठी हाय."

ती चहाचा कप उचलून आत गेली. पण यंत्र रोज सकाळी बंद करून पुन्हा सुरू करायचे कारण तिला आता सापडले होते.

चौदा नोव्हेंबरला, दुपारी, पाच मिनिटे वीज गेली आणि आली. मेघाली गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. फोन कानाशी होता, पलीकडे ललित होता, आणि ती हसत होती. कारखान्यांच्या चिमण्यांवरून करडा धूर सरकत होता… तिला वाटले, इतक्या मळक्या आभाळाखालीसुद्धा माणसाला हलके वाटू शकते.

खाली यंत्र आपोआप सुरू झाले होते. त्याने नेहमीप्रमाणे आधी फुले उघडायला घेतली; पण वीज अचानक गेल्यामुळे रोजचे एकच न निवडता सगळी एकदम, एकूण एकतीस. तेवढी त्याच्यात मावेनात. पडद्यावर अर्धा सोनचाफा उमटला आणि सारे थिजले. अक्षरे आली नाहीत. घंटाही नाही. कृष्णकांत खुर्चीत एका बाजूला कलंडले, लाळ श्वासात गेली आणि अंगठा कळ दाबत राहिला. मेघाली खाली आली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. अंगठा अजून कळेवर होता.

जीव वाचला. पण सहा दिवसांनी ते घरी आले, ते नाकात अन्नाची नळी घेऊन.

निमेश विमानाने आला होता. ललित दारात उभा राहिला, तेव्हा तोच बोलला, आणि सौजन्याने बोलला: "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वीस वर्षांची पेटी, कधीतरी दगा देणारच. आजच भंगारात जाईल."

सुटकेचे दार सताड उघडे होते. मेघालीच्या मनात आले, हा होकार देईल. आणि याने होकार द्यावा, असेही वाटले. मग फुलांची गोष्ट कुणाला कळणार नाही. ती गच्चीवर कुणाशी हसत होती, हेही.

"पेटीने दगा दिला नाही," ललित म्हणाला. "मी दिला. तिच्यात काकांपुरतीच जागा होती. मी तिथे दुसरंच काही भरलं. कुणी सांगितलं नव्हतं."

"काय भरलंत?"

ललितने मेघालीकडे पाहिले नाही. "फुलं."

निमेशला अर्थ कळायला क्षणभर लागला. मग तो बहिणीकडे पाहू लागला.

"मी रोज बघत होते," मेघाली म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "आणि त्या दिवशी गच्चीवर यांच्याशीच बोलत होते."

 ललितने परवानगी मागितली, खाली बसला आणि दहा मिनिटांत एकतीसही फुले काढून टाकली. मग कृष्णकांतांच्या पडद्यावर, त्यांच्याच पद्धतीने, स्वतः नोंद लिहिली: दिनांक, वेळ, ठिकाण, बिघाडाचे कारण, जबाबदार — ललित. 'शेरा' लिहून त्यापुढची जागा त्याने कोरी सोडली आणि उठला.

"येतो, काका." दाराशी जाऊन तो पायांत चप्पल सरकवू लागला. छत्री आज आणलीच नव्हती.

तेवढ्यात ओळ उजळण्याचा बारीक टिक्… टिक्… असा आवाज आला. कृष्णकांतांचा अंगठा कळेवर होता.

"थांब," मेघाली म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने त्याला एकेरीत हाक मारली. "बाबा लिहितायत."

निमेश अधीरपणे म्हणाला, "ताई, त्यांना दमवू नकोस. मी वाचून अंदाज करतो—"

"अंदाज नको. त्यांना लिहू दे."

पाऊण तास गेला. ओळी उजळत राहिल्या, विझत राहिल्या. दोनदा अंगठा चुकला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ललित एका पायात चप्पल घालून उंबऱ्यात उभा होता. मेघाली त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याची बोटे गार पडली होती, ती तिने आपल्या मुठीत घेतली आणि निमेशच्या देखत सोडली नाहीत. तीस वर्षे वाफेचा दाब पाहिलेला माणूस एकेक अक्षर मोजून पुढे सरकत होता. आता त्याच्याकडे दवडायला एकही नव्हते.

शेवटी टिकटिक थांबली. कोऱ्या जागेत लिहिले होते:

'शेरा: चूक केली. लपवली नाही. माणूस ठेवावा.'