केबिन तयार नाही

पहिल्याच भेटीत तो तिच्या सँडविचवर बसला. विमानाकडे नेणाऱ्या छोट्या बसमध्ये तिने पुडी जरा शेजारच्या सीटवर ठेवली होती, आणि हे महाशय मागे न बघताच टेकले.

"हे... तुमचं होतं?" चपट्या पुडीकडे बघत त्याने विचारलं.

"होतं," ती म्हणाली. "आता तुमचं."

झालं. त्या दिवसापासून हा तरुण सहवैमानिक तिच्या मागे लागला तो लागलाच. त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणालाच सापडत नसे. तिला म्हणत 'हेडबाई'. केबिनमधल्या मुलींची ती प्रमुख, आणि तिच्यासमोर एकही खुर्ची तिरकी राहायची बिशाद नव्हती.

आता, तिला तो आवडत नव्हता असं नाही हो. चांगला आवडत होता. तो हसला की हिला नेमकं तेव्हाच ट्रॉलीचं कुलूप तपासायचं असायचं. पण याची जीभ सगळ्यांशीच इतकी गोड! त्यात आपल्या वाट्याचं खरं किती, हे कसं कळावं?

आज सकाळी तर त्याने विमानाच्या दारातच गाठलं.

"आज उतरल्यावर आई न्यायला येतेय. म्हणजे... तुलाच बघायला येतेय, खरं तर. भेटशील?"

"परवा तू त्या झाडूवाल्या मावशींनाही म्हणालास, तुमच्याशिवाय करमत नाही."

"ते वेगळं."

"मला नाही कळत त्यातलं वेगळं. नाही भेटणार मी."

तेवढ्यात प्रवासी चढायला लागले. त्याच्या चेहऱ्याकडे बघायला तिला वेळच मिळाला नाही. खरं म्हणजे तिने तो काढला नाही.

विमान उतरायला लागलं की एक कडक नियम असतो. कॉकपिटशी कामापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही. त्या वेळात रेडिओ असा काही बदलायचा की हा तोच का, असा प्रश्न पडावा. फोनवर नुसतं "केबिन?" तिने म्हणायचं, "तयार." मग "थँक यू," आणि संपलं. कुणाला सांगू नका, पण तिला त्याचा हाच आवाज जास्त आवडायचा.

आजही पट्टे, टेबलं, खिडक्यांचे पडदे सगळं नजरेखालून घालून तिने "केबिन तयार" सांगितलं आणि दाराजवळच्या आपल्या सीटवर पट्टा आवळून बसली. काचेवर पावसाच्या तिरक्या रेघा धावत होत्या. खाली ओली छपरं मोठी मोठी होत चालली होती.

आणि मागच्या रांगेतल्या आजी उठल्या. कशाला उठल्या, त्यांनाच ठाऊक. दोन पावलं टाकतात न टाकतात तोच विमान हिंदकळलं आणि त्या मधल्या वाटेत कोसळल्या. मागची मुलगी धावली, पण तिच्या एकटीच्याने काही त्यांना उचलवेना.

हिने पुढून ते पाहिलं. जमीन हाताशी आलेली. आत्ताच तर तयार म्हणून सांगितलं, आता कुठल्या तोंडाने फिरवायचं? पण हाताने फोन उचललासुद्धा.

"केबिन तयार नाही. एक बाई खाली पडल्यात."

पलीकडून विमान चालवणाऱ्या कप्तानबाईंचा आवाज आला, "आत्ताच तयार म्हणाली होती ना ती?"

"आता नाही म्हणतेय," तो म्हणाला. "वर चला."

इंजिनं गरजली. विमानाने नाक वर केलं, छपरं पुन्हा लहान झाली.

"वेळ घ्या," तो फोनवर म्हणाला. एवढंच. नक्की का, मघाशी कसं दिसलं नाही, असलं काही नाही.

"चष्मा घसरत पुढे गेला गं माझा," आजी कळवळत म्हणाल्या. दोघींनी त्यांना उचलून बसवलं, पट्टा लावला, चष्माही शोधून दिला. मग तिने पुन्हा "केबिन तयार" सांगितलं आणि विमान अलगद उतरलं.

प्रवासी गेले. ती कॉकपिटच्या दाराशी आली. कप्तानबाईंनी दोघांकडे एकदा पाहिलं, बॅग उचलली आणि बाहेर पडल्या.

"आजींना लागलं का?" त्याने विचारलं.

"गुडघा खरचटलाय. बाकी ठीक आहेत."

"बरं झालं."

आणि तो कागद आवरू लागला. आईचा विषय काढेना, चिडवेना, गळ घालेना. तेव्हा तिच्या लक्षात आलं की सकाळचं तिचं 'नाही'सुद्धा याने तसंच, मघाच्या 'केबिन तयार नाही'सारखं, एका शब्दावर मानलंय. आपण आता बोललो नाही, तर हा माणूस जन्मभर त्या 'नाही'वर विश्वास ठेवील. ती मनापासून घाबरली.

"सकाळी मी... खोटं बोलले."

त्याचे हात थांबले.

"भेटायचंय मला तुझ्या आईंना. आणि तू मला आवडतोस. खूप आवडतोस."

आता विचारील, नक्की ना? तिने उत्तरही तयार ठेवलं होतं. पण त्याने विचारलंच नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. त्याने टोपी घातली आणि तिची बॅग उचलली.

"चल," तो म्हणाला, "आई ताटकळली असेल."