पत्ता ऐकताच नाही म्हणणारे फिटर

चौथा फिटरही नाही म्हणाला, तेव्हा खारीने सायकल भिंतीला टेकवली आणि तिथेच दुकानाच्या पायरीवर बसकण मारली.

खार सातवीतली. एका जागी ठरत नाही म्हणून घरात हे नाव पडलेलं. सोबत मावसभाऊ मास्तर, जो दिसेल ते वहीत टिपतो. आणि धाकटा भाऊ शेपूट, जो नको म्हटलं तरी मागे येतो. सुट्टीला तिघे मामाकडे आले ते पोहण्याचे बेत करून. पण मामाच्या वर्कशॉपमधला जुना लेथ महिनाभर बंद होता. लोखंड फिरवून कापणाऱ्या त्या यंत्रावरच मामाचं घर चाले. उद्या दुपारी भंगारवाल्याचा ट्रक येणार, लेथ उचलणार, आणि मामा वर्कशॉपला कुलूप लावून परगावी नोकरीला जाणार होता. मामी जेवताना बोलेनाशी झाली होती. मामा तर जेवेनासाच झाला होता.

मास्तरने वही उघडली. "चौघांनीही आधी हो म्हटलं. एकाने तर हत्यारांची पेटीसुद्धा उचलली. मग आपण पत्ता सांगितला, तशी याची कंबर धरली, त्याची सासू आजारी पडली."

"एका सकाळीत सगळ्यांवर एवढी संकटं?" खार ताडकन उठली आणि मागे वळली.

चौथा फिटर पेटी परत ठेवत होता. तिने आडवळण न घेता विचारलं. त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "पोरी, ज्या म्हाताऱ्याने आमच्या हातात हत्यार दिलं, त्याला तुझ्या मामाने चारचौघांत नालायक म्हटलं. आम्ही कुठल्या तोंडाने यायचं?"

म्हातारे फिटर त्याच गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत राहत. कुणाच्या तरी शिवणयंत्रात तेल सोडत बसले होते. त्यांनी मुलांना पाणी दिलं आणि काही न लपवता सांगितलं. लेथ त्यांनीच दुरुस्त केला होता. पंधरा दिवस छान चालला, मग तापून अडला, आणि मामा नको ते बोलला.

"तुम्ही उलट का नाही बोललात, आजोबा?" खारीने विचारलं.

"बोललो असतो तर वाईटच बोललो असतो. देवाने तेवढं वाचवलं."

तापताना आवाज कसा येत होता, असं त्यांनी विचारलं. शेपटाने मामाच्या तोंडून शंभरदा ऐकलेली ती घरघर आणि शेवटचा कण्हणारा आवाज असा हुबेहूब काढला, की दाराशी पेंगणारं कुत्रं उठून निघून गेलं. म्हाताऱ्यांच्या कपाळावर आठी पडली. लेथच्या दांड्यावर दोन लोखंडी टोप्या असतात, ते म्हणाले. दिसायला जुळ्या, पण प्रत्येक टोपी आपापल्या जागेपुरतीच घासून बसवलेली. अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी एका टोपीवर आणि तिच्या खालच्या बैठकीवर दोन ठिपके ठोकले होते, दुसऱ्या जोडीवर तीन. "जा, बघून या. माझे डोळे गेले तरी माझ्या हातून दोनावर तीन बसणार नाहीत."

वर्कशॉपमध्ये खारीने फडक्याने ग्रीस पुसलं. टोपीवर तीन ठिपके. खाली दोन.

"काय चाललंय?" दारात मामा उभा होता.

मामाचा राग म्हणजे उतू जाणारं दूध. मास्तरने वही मिटली, शेपूट यंत्रामागे दडला. खारीने ठिपक्यांवर बोट ठेवलं. "मामा, आजोबांनी दुरुस्त केल्यावर हे कुणीतरी पुन्हा उघडलं होतं. टोप्या उलट्या बसल्यात. तू उघडलं होतंस का?"

मामा ओरडला नाही, हे जास्त भीतिदायक होतं. तो स्टुलावर बसला. लेथ अडायच्या आधी साफ करायला त्यानेच उघडलं होतं. खांद्याशी फोन धरून गिऱ्हाइकाशी भांडता भांडता परत लावलं होतं.

"उघडलं होतं, हे मला आठवत होतं," तो खाली बघत म्हणाला. "सांगायची लाज वाटली."

तसाच उठून तो फिटरांच्या गल्लीत गेला. चारही फिटर बघत असताना म्हाताऱ्यांपुढे हात जोडून त्याने आपली चूक मोठ्याने सांगितली. म्हाताऱ्यांनी त्याचे हात खाली केले. "उघडलंस तू, लावशीलही तूच. मी शेजारी बसतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक दाराशी हॉर्न देत होता आणि म्हातारे उलट्या टोप्यांनी ओरबाडलेला भाग अजून घासत होते. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी मामाची नजर ठिपक्यांवरून हलली नाही. शेवटचा नट आवळून त्याने बटण दाबलं. दांडा फिरला, फिरतच राहिला. ट्रकवाल्याने थोडा वेळ ऐकलं आणि रिकामी गाडी मागे घेतली. मामी दाराआडून पदराने डोळे टिपत होती.

"काल विचारताना हिचा आवाज कापत होता," मामा फिटरांना सांगत होता, "पण हिने वाक्य अर्ध्यावर सोडलं नाही."

म्हाताऱ्यांनी खारीचे ग्रीसने माखलेले हात उलटसुलट करून पाहिले. "सुट्टी किती उरलीय तुझी?"

"तीन आठवडे."

"मग उद्या सकाळी सातला ये. चौघांना शिकवलं, पाचवीला जागा आहे."